जप्त झालेले विळे

लोकनायक बापूजी अणे यांनी १० जुलै १९३० रोजी पुसदच्या राखीव जंगलात गवत कापले आणि अटक करवून घेतली. समुद्र नसलेल्या वऱ्हाडात मिठाच्या सत्याग्रहासाठी दहीहंड्याच्या खाऱ्या विहिरीच्या पाण्यापासून मीठ झाले खरे, पण खेड्यांना रोजचा जाच होता तो जंगल कायद्याचा. गवत कापणारे हेच अणे पुढे बिहारचे राज्यपाल झाले. शाळेत आम्ही त्यांच्यावर भाषणे पाठ केली.

गेल्या वर्षी आमच्या गावच्या अकरा बायकांनी तेच केले. सामूहिक वनहक्काचा, म्हणजे गावाने मिळून जंगल वापरण्याच्या हक्काचा दावा उपविभागीय समितीकडे वर्षानुवर्षे पडून होता, म्हणून वन कार्यालयाला आधी लेखी कळवून, दिवसाढवळ्या त्यांनी जंगलातले गवत कापले. गार्डने भारे आणि विळे जप्त करून वनगुन्हा नोंदवला. ज्या अधिनियमाखाली तो नोंदवला तो १९२७ चा, म्हणजे पुसदच्या सत्याग्रहाहूनही तीन वर्षांनी जुना.

त्या संध्याकाळी पानठेल्यावर एक गृहस्थ म्हणाले, "कायदा म्हंजे कायदा, भाऊ. आज गवत सोडलं त उद्या सागवान जाईन." कापसाच्या भावासाठी केलेल्या रास्ता रोकोत याच गृहस्थांनी अर्धा दिवस वाहतूक अडवली होती. आंदोलनांतील खटले मागे घेण्याचे शासन निर्णय अधूनमधून निघत असतात. तशाच एका निर्णयात त्यांचा खटलाही मागे घेतला गेला, आणि ती 'केस' ते आजही अभिमानाने सांगतात. बायकांसाठी असा निर्णय काढायला कोण मुंबईला जाणार?

अर्थात, मीही फार वेगळा नाही. जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यातील अकोली जहांगीर येथे शेतकऱ्यांनी परवानगी नसलेले एचटीबीटी, म्हणजे तणनाशक फवारले तरी तग धरणाऱ्या कापसाचे बियाणे उघडपणे पेरले, तेव्हा पर्यावरण संरक्षण कायद्यात त्या वेळी पाच वर्षांपर्यंत कैद होती हे ठाऊक असूनही मी त्यांचे कौतुकच केले होते, कारण कपाशीतल्या निंदणाचा खर्च माझ्याही खिशातून जातो. गवत मला विकत घ्यावे लागत नाही. म्हणूनच असेल, बायकांची बातमी ऐकल्यावर माझ्या तोंडून पहिल्यांदा निघाले ते, "अर्ज करून वाट पाहायची होती."

त्यांनी अर्ज केलाच होता. आता प्रत्येक तारखेला अकरा जणींची मजुरी बुडते. विळे अजून कार्यालयातच आहेत. यंदाच्या सोंगणीला त्यांनी शेजारपाजारचे विळे मागून आणले, त्यांतला एक माझ्या घरचा होता.