ध्येय लिहिण्याआधी कारण लिहा

ध्येयांची यादी करताना आपण ‘काय’ आणि ‘कधीपर्यंत’ एवढंच लिहितो. ‘कशासाठी’ हा रकाना कोराच राहतो. बायबलमधल्या आपल्या पत्रात याकोबाने मात्र नेमकं त्यावरच बोट ठेवलंय: मागूनही मिळत नाही, कारण मागण्यामागचा हेतूच चुकीचा असतो (४:३).

या बाबतीत मला बायबलमधला नहेम्या, पारसाच्या राजाच्या चाकरीत असलेला यहुदी, सगळ्यात उपयोगी वाटतो. यरुशलेमची तटबंदी ५२ दिवसांत उभी राहिली हे अनेकांना आठवतं. पण तट पडल्याची बातमी त्याला यहुदी पंचांगातल्या किसलेव महिन्यात कळली आणि राजापुढे तो बोलला नीसान महिन्यात. मधले चारेक महिने गेले. त्या काळात उपास, प्रार्थना आणि पापांची कबुली. त्या कबुलीत तो स्वतःलाही आणि आपल्या घराण्यालाही धरतो. राजाने विचारल्यावर मात्र त्याची मागणी अगदी नेमकी होती: मुदत, वाटेतल्या सुभेदारांना पत्रं, वेशींसाठी लाकूड. पोचल्यावर तीन दिवस थांबून, कोणाला न सांगता, त्याने रात्री तटाची पाहणी केली. प्रार्थना असली की नियोजन कशाला, असं म्हणणाऱ्यांनी नहेम्याच्या पुस्तकाचा हा दुसरा अध्याय जरूर वाचावा.

आपण करायचं ते असं. ध्येय एका ओळीत लिहा. खाली कारण लिहा आणि त्या कारणाला दोन-तीनदा ‘ते का?’ विचारा. पहिलं उत्तर बहुधा शोभेचं असतं. मंडळीत (चर्चमध्ये) नाव व्हावं, कोणाला तरी दाखवून द्यावं, हे नंतर बाहेर येतं. मग मत्तय ६ ची कसोटी लावा: हे कोणालाच कधी कळणार नसेल, तरी मी करेन का? उत्तर ‘नाही’ आलं म्हणून लगेच खोडू नका. कर्ज फेडणं, वजन कमी करणं चांगलंच आहे. कारण सुधारलं की ध्येयाचं रूपही बदलतं. दिसण्यासाठी घटवायचं वजन काट्यावरच्या आकड्यापाशी अडतं; देवाने दिलेलं शरीर सेवेला धड राहावं म्हणून असेल, तर झोप आणि विश्रांतीचा दिवसही त्यात येतो.

बायबलवाचनाचं ध्येय तर फार सहज भरकटतं. वर्षात संपूर्ण बायबलचे १,१८९ अध्याय म्हणजे रोज तीन ते चार. लेवीय या नियमांनी भरलेल्या पुस्तकात चार दिवस चुकले की १३ अध्याय तुंबतात आणि पुढचं वाचन नुसतं खुणा करण्यापुरतं उरतं. सुरुवातीला नव्या कराराचे २६० अध्याय घ्या: आठवड्यातले पाच दिवस, रोज एक, ५२ आठवडे. उरलेले दोन दिवस राहिलेलं भरून काढायला.

बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्च मोजावा, असं येशूने सांगितलं (लूक १४:२८). तेव्हा वेळ आणि पैसा आधीच मांडा. तारीखही लिहा, पण ‘प्रभूची इच्छा असल्यास’ हे मनापासून म्हणून. प्रेषित पौल बिथुनिया प्रांताला निघाला होता; पवित्र आत्म्याने जाऊ दिलं नाही आणि तो मासेदोनिया प्रांताला गेला. म्हणून दर तीन महिन्यांनी प्रगतीबरोबर कारणही पुन्हा वाचा, आणि तो कागद अशा विश्वासू माणसाला दाखवा, जो तुमच्यासाठी प्रार्थना करतो आणि तुमचं चुकत असेल तर तोंडावर सांगतो.