टाळूवरच्या मुंग्या

तीच गोष्ट पोरानं केली तर चाळा, सुनेनं केली तर खूळ आणि साहेबांनी केली तर छंद! त्यावर दोन पुस्तकं लिहून झाली की व्यासंग. नावडत्या माणसाला मात्र नेहमी नादच लागतो. शब्दांना आपल्याकडे तोटा नाही, पण ते सगळे बाहेरून बघणाऱ्यांचे. नाद लागलेल्याच्या आत काय होतं, ते त्यात कुठेच येत नाही.

आता माझंच बघा. कुणी मन लावून फॉर्म भरत असेल तर माझा पाय तिथून निघत नाही. बॉलपेनची बारीक खरखर, मधेच कागद सरळ करणारा तळवा, चौकोनात एकेक बसवलेलं अक्षर. मानेपासून टाळूपर्यंत गोड मुंग्या चढत जातात. हे सांगायचं कुणाला आणि कसं?

ती सोय २०१० साली झाली. जेनिफर ॲलन या अमेरिकन बाईंनी याचं बारसं केलं : ऑटोनॉमस सेन्सरी मेरिडियन रिस्पॉन्स, म्हणजेच एएसएमआर. नाव मुद्दाम डॉक्टरी थाटाचं ठेवलं, म्हणजे लोकांना न लाजता बोलता यावं. (मुंग्या, सुख वगैरे म्हटलं की ऐकणाऱ्याच्या भुवया चढतातच.) पुढे २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी अशा मंडळींना कुजबुजीचे वगैरे व्हिडिओ दाखवले, तर त्यांच्या हृदयाचे ठोके मिनिटाला सरासरी तीनेकानं उतरले. म्हणजे हे नुसते मनाचे खेळ नव्हेत.

नाव कळल्यावर मीही ते व्हिडिओ लावून बसलो. माइकवर ब्रश फिरवणारे, कानात कुजबुजणारे, साबण कापणारे. एक मुंगी येईल तर शपथ! उलट, ही बाई माझ्यासाठी कुजबुजतेय, या विचारानं अवघडायलाच झालं. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. मला आवाजाचं एवढं अप्रूप नाहीच. समोरचा माणूस स्वतःच्या कामात पार बुडालेला हवा, आणि मी बघतोय याचा त्याला पत्ता नको. त्यानं मान वर करून "काय हो?" म्हटलं, की मुंग्या क्षणात गायब.

एवढ्या बारीक अटीला एएसएमआरही पुरत नाही. आणि पुरेसं नाव ठेवायला गेलं तर ते चारचौघांत उच्चारण्याजोगं राहील, असं वाटत नाही.