आज नको हो, उद्या!

महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी विंडोजचे सुरक्षा अपडेट येतात, २००३ पासूनचा शिरस्ता. यावेळचे आज ऑफिसात चढवले. आधी मोजक्या मशीनवर टाकून प्रिंटर, अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर धड चालतंय ना ते पाहायचं, मगच बाकीच्यांना.

अकाउंट्सच्या मॅडमचं उत्तर ठरलेलं. "आज नको हो, बिलं काढायचीत." स्क्रीनच्या कोपऱ्यात रीस्टार्टची सूचना कधीची ताटकळतेय! बऱ्याच दुरुस्त्या रीस्टार्टशिवाय लागूच होत नाहीत, पण ऐकतंय कोण? २०१७ च्या मेमध्ये वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा अपडेट मिळत असलेल्या विंडोजसाठी दुरुस्तीचा पॅच मार्चमध्येच आला होता. अनेकांनी टाकलाच नव्हता.

शेवटी जेवणाच्या सुट्टीत मॅडमचं मशीन ताब्यात घेतलं. त्या डबा धुऊन आल्या तरी गाडी ३० टक्क्यांवरच. माझ्याकडे असं बघितलं म्हणता!