शेवंडाचं पिल्लू आणि वरचं एक

आईला न्यूयॉर्क दाखवून झालं, नायगारा दाखवून झाला. नायगाऱ्यावर "पाणी बरा आसा" एवढाच शेरा मिळाला. मालवणच्या बाईला आणखी पाणी काय दाखवायचं, म्हणून एप्रिलमधल्या एका शुक्रवारी ह्यूस्टनहून आय-टेन हायवे धरला आणि तिला लुईझियानात नेलं.

हद्द ओलांडून तासभर गेल्यावर ती एकदम सावरून बसली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भातखाचरं, गुडघाभर पाण्याने भरलेली, आणि त्यात तारेच्या जाळीचे सापळे ओळीने डोकं वर काढून उभे. इथे भात कापून झालं की खाचरात पुन्हा पाणी सोडतात आणि त्यात क्रॉफिश, म्हणजे कोळंबीचे नांगीवाले, गोड्या पाण्यातले भाऊबंद, वाढवतात. एकाच शेतातून आधी तांदूळ, मग कालवण! आईने मान डोलावली. शेतातल्या खेकड्यांवर वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

रात्री लाफायेतजवळच्या एका साध्या खानावळीत बसलो. टेबलावर कागद अंथरला आणि त्यावर सरळ परातभर माल ओतला. लालभडक क्रॉफिश, मक्याची कणसं, बटाटे, सगळं एकाच तिखट पाण्यात उकडलेलं. आईने एक उचलून उलटसुलट पाहिला. "ह्या काय शेवंडाचा पिल्लू?" शेवंड म्हणजे लॉब्स्टर.

गंमत म्हणजे इथली दंतकथाही तेच सांगते. 1755 साली इंग्रजांनी कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातून फ्रेंच बोलणाऱ्या अकेडियन लोकांना हुसकावलं. त्यांतले बरेच पुढे लुईझियानात आले, आणि 'अकेडियन'चं झिजून 'केजन' झालं. त्यांच्या मागोमाग तिकडची शेवंडंही निघाली म्हणे, आणि चालून चालून एवढीशी झाली. खायची रीत अशी: डोकं पिळून तोडायचं, त्यातला रस ओढायचा, मग शेपटी सोलायची. माणशी तीन पौंड मागवले तेव्हा खूप वाटले होते, पण सोलल्यावर हाती लागतो तो सहावा-सातवा हिस्सा. आईने पहिला नंबर काढला. मी आपला कणसं खात होतो.

शनिवारी सकाळी ब्रो ब्रिज गावात झायडेको ब्रेकफास्ट. झायडेको म्हणजे इथलं नाचाचं संगीत. न्याहारीच्या वेळेला बँड! अकॉर्डियन, आणि एकाच्या छातीवर कपडे घासायच्या फळीसारखा खाचांचा पत्रा, तो चमच्यांनी खरवडत वाजवायचा. सत्तरीतली जोडपी नाचत होती. एका आजोबांनी आईपुढे हात केला. ती लाजून "नो नो" म्हणाली, पण टेबलाखाली तिचा पाय भजनाचा ठेका धरून होता.

तिथून एव्हरी आयलंड, टबॅस्को सॉसचं माहेर. याला बेट म्हणतात, पण समुद्र नाही, भोवती दलदल आणि खाली मिठाचा डोंगर. 1868 पासून सॉस इथला. मिरची ठेचून मीठ घालायचं, ओकच्या पिंपात तीन वर्षांपर्यंत मुरवायचं आणि पिंपाच्या झाकणावर पुन्हा मिठाचा थर. मला सगळ्यात आवडली ती एक लाल रंगवलेली काडी. मिरची तोडणाऱ्याने ती मिरचीशेजारी धरून रंग जुळला तरच तोडायची. आता बहुतेक मिरची लॅटिन अमेरिकेत आणि आफ्रिकेत पिकते, बियाणं मात्र बेटावरचं. "काडी कित्याक? डोळे नाय?" आई म्हणाली.

न्यू ऑर्लिन्सला रविवारी सकाळी सेंट लुईस सेमेटरी नंबर वन गाठलं. 1789 ची दफनभूमी. गाइडशिवाय आत सोडत नाहीत हे दारात कळलं, तुम्ही तरी आधी बुकिंग करा. थडगी सगळी जमिनीच्या वर, छोट्या घरांसारखी. एक वर्ष आणि एक दिवस झाला की अस्थी मागे सारून त्याच घरात पुढच्या माणसाला जागा देतात. आई इथे काही बोलली नाही.

दुपारी ट्रेमे भागात सेकंड लाइन, म्हणजे रस्त्यावरची नाचती मिरवणूक. पुढे ती काढणारे क्लबवाले आणि ब्रास बँड ही पहिली रांग, मागून नाचत येणारे ते सेकंड लाइन, म्हणजे कुणीही. मूळ अंत्ययात्रेत आहे: जाताना संथ, शोकाचं संगीत, दफन झाल्यावर ढंगदार. पर्यटकांच्या फ्रेंच क्वार्टरमध्ये दिसतात त्या बऱ्याचशा लग्नाच्या वराती, भाड्याच्या बँडसह. खरी बघायची तर रविवारी वस्तीत जा आणि चार तास चालायची तयारी ठेवा. तिसऱ्या गल्लीत आईने पर्समधून रुमाल काढला आणि हवेत फिरवला. मी व्हिडिओ काढेपर्यंत परत आत.

निघताना प्रलीन घेतली. साखर, साय आणि पिकन (अक्रोडासारखा सुका मेवा) यांची चपटी वडी. सहा सांगितल्या, काउंटरवरच्या बाईंनी सातवी टाकली. "लान्याप!" गिऱ्हाइकाला खुशीने वर दिलेलं थोडंसं, त्याला इथे हा शब्द. मी आईला म्हटलं, मेथीच्या जुडीवर चार काड्या कोथिंबीर, तसं. शब्द तिला फारच आवडला. परतीच्या वाटेवर दोनदा विचारून तिने तो पाठ केला.

मंगळवारी ह्यूस्टनच्या देसी दुकानात भेंडी आणि वांगी तोलून झाल्यावर तिने काउंटरवरच्या मुलाकडे कढीपत्त्याच्या दिशेने बोट दाखवलं. "लान्याप?"

त्याने कढीपत्ता स्कॅन केला. दीड डॉलर.