तुम्ही विचारलंत म्हणून: फ्लॅटचं काम अजून का संपलं नाही?

आत येणारा प्रत्येक जण भिंतींवरून नजर फिरवतो आणि विचारतो, "सगळं तर झालंय, आता अडलंय कुठे? मिस्त्री लावला असता तर एव्हाना राहायला गेला असतात." एकदाच नीट सांगते.

अडलंय ते वाळण्यात. नव्या प्लास्टरवर किमान सात दिवस पाणी मारायचं, मग ते आतून सुकू द्यायचं. सुकलं की नाही, हे हात लावून कळत नाही. फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी टेपने भिंतीला चिकटवून 24 तास ठेवायचा. आतून दव धरलं तर पुट्टीला हात लावायचा नाही, नाहीतर ती पापुद्र्यांनी सुटते आणि रंगालाही सोबत नेते. मिस्त्री असता तरी भिंत तेवढाच वेळ मागणार.

पण खरे दिवस खाल्ले बाथरूमने, आणि तिथे चूक माझीच होती.

जुन्या लाद्या काढल्या. पाणी जाण्याच्या जाळीकडे मीटरला 10 ते 12 मिलिमीटर उतार धरून कोबा केला. भिंत आणि जमीन मिळते तिथे काटकोन न ठेवता सिमेंटच्या मसाल्याची गोलाई दिली, कारण वॉटरप्रूफिंगचा लेप काटकोनातच आधी फाटतो. त्या लेपाचे दोन हात दिले, पहिला आडवा, दुसरा उभा. भिंतीवर फूटभर वर, शॉवरच्या बाजूला सहा फुटांपर्यंत. मग पाणी भरून ठेवायची चाचणी. नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे जाळीखालच्या सांडपाण्याच्या भांड्याच्या, तोंडावर प्लास्टिक आणि फडक्याचा बोळा दाबून बसवला, दोन इंच पाणी भरलं, पेन्सिलने खूण केली. 48 तासांनी पाणी खुणेवरच. मी लाद्या बसवल्या.

बाथरूम वापरात आलं आणि खालच्या घराच्या छताला थाळीएवढा ओला डाग पडला.

चाचणी खोटी नव्हती, बोळा चुकीच्या जागी होता. फडक्याने तोंडच नाही, तर ट्रॅपच्या कॉलरभोवतीची (वरच्या काठाभोवतीची) चार बोटं जागाही झाकली होती. म्हणजे कॉलर आणि स्लॅब यांच्या सांध्याला, जो बहुतेक वेळा गळतो, त्याला पाणी शिवलंच नव्हतं. बोळा पाइपच्या आत, कॉलरच्या खाली बसवायला हवा. तेव्हा मी म्हणत होते, "48 तास टिकलं, आणखी काय हवं?" आज त्या वाक्याचा राग येतो, पण तेव्हाही मी आळस केला नव्हता, असंच वाटतं.

ट्रॅपभोवतीच्या चार लाद्या गेल्या. छिन्नी तिरकी धरून हळूहळू फोडावं लागतं, सरळ ठोका बसला तर ट्रॅपच तडकतो. फटीतला भुसभुशीत मसाला खरवडून काढला, न आकसणारा ग्राउट (फटी भरायचा सिमेंटचा मसाला) भरला, त्यावर फायबरची जाळी दाबून पुन्हा लेपाचे दोन हात दिले. डब्यावर लिहिलेली वाळण्याची मुदत पूर्ण केली आणि पुन्हा पाणी भरलं. या वेळी शेजारी पाण्याची उघडी बादलीही ठेवली, कारण पाणी हवेतही उडतं. बादलीतलं 2 मिलिमीटर उतरलं आणि जमिनीवरचंही 2, म्हणजे गळती नाही. बादली नसती तर त्या 2 मिलिमीटरांनी झोप उडवली असती.

मिस्त्रीने बोळा बरोबर लावला असता? बहुधा हो. मग खालच्यांचं छत वाचलं असतं, हेही खरं. तरी सगळं दुसऱ्याच्या हाती द्यायला हवं होतं का, याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही.

सध्या सिलिकॉन सुकतंय. भिंत आणि जमीन वेगवेगळ्या हलतात, म्हणून त्यांच्या कोपऱ्यात ग्राउट भरत नाहीत, तो केसाएवढा तडकतो. तिथे सिलिकॉनच लागतं. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावायची, ओल्या बोटाने एकाच ओढीत रेघ दाबायची आणि वर साय धरायच्या आत टेप काढायची. सिलिकॉन बाहेरून आत सुकतं, दिवसाला साधारण 2 ते 3 मिलिमीटर. माझी रेघ 6 ची आहे. तीन दिवस शॉवर बंद.

शिवाय नव्या लाद्यांनी जमीन उचलली गेलीय, त्यामुळे दार खाली घासतंय. खालची कड 6 मिलिमीटर तासायचीय. तासलेल्या उघड्या लाकडाला रंगाचे दोन हात, म्हणजे पुन्हा वाळणं आलं.