पदर आत का बाहेर? – आमची वाटचाल

सांगलीच्या विश्रामबागेत एका दुकानावर पाटी आहे, 'साडीवरचा ब्लेझर, सांगलीत प्रथमच'. ट्रायलला येणाऱ्या बायका हटकून विचारतात, "वहिनी, ती पाटी बघितलीत का?" बघितली. येता-जाता बघते. मारुती रोडजवळच्या आमच्या बोळात हे ब्लेझर पाटीशिवाय शिवले जात होते, तेव्हा त्या पाटीचा मालक आमच्याच टेबलावर बसून काजं करत होता. म्हणून हे सगळं एकदा लिहून ठेवते.

दुकान मामंजींचं. सूट, सफारी, जोधपुरी, नेहरू शर्ट. लग्नसराईत नवरदेवाचा सूट आमच्याकडून न्यायचा, अशी कित्येक घरांची पद्धत. मी लग्न होऊन आले ती ब्लाऊज शिवणारी. मामंजींनी कोपऱ्यात एक मशीन मोकळं करून दिलं. कोटवाल्याचं कापड खांद्यावरून सुटतं, ब्लाऊजवाल्याचं अंगाला धरून बसतं. हे दोन धंदे एका छपराखाली चालायचे, पण एकमेकांच्या टेबलाला हात लावत नव्हते. ते एकत्र आणले विश्रामबागेतल्या कॉलेजात शिकवणाऱ्या एका मॅडमनी.

संक्रांतीचा आठवडा गेला होता, रथसप्तमी यायची होती. मॅडम काळी चंद्रकळा नेसून आल्या, हातात शाल. म्हणाल्या, "हळदीकुंकवाला ही शाल सावरू का वाण देऊ? थंडी तर वाजतेच. मामा, मला एक कोट शिवा, पण साडीवर शोभला पाहिजे." मामंजींनी मरून रंगाचं लोकरी कापड काढलं आणि मापं घेतली, पुरुषाच्या कोटाची घेतात तशीच.

ट्रायलला डावा खांदा वर आला. उजवीकडे कोट पाण्यासारखा पडलेला आणि डावीकडे गाठोडं ठेवल्यासारखा. कारण साधं होतं. पदराच्या पाच-सहा पट्ट्या डाव्या खांद्यावर येतात, त्यावर पिन, त्यावर पॅड. मामंजी बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी डावं पॅड उसवून काढलं, कापूस कमी केला आणि परत टाचलं. तीन सूत पातळ, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो घेर, दोन सूत मोकळा. तेवढ्यानं दोन्ही खांदे एका रेषेत आले. मागे मधोमध कट दिला, म्हणजे आतून आलेला पदर बसता-उठताना अडकत नाही. बटण एकच, आणि तेही निऱ्या खोचतात त्याच्या वर दोन बोटं, कारण निऱ्यांवर बटण आलं की पोट नसलेल्या बाईलाही पोट दिसतं. बाही मनगटाच्या अलीकडे संपवली, बांगड्या झाकायच्या नाहीत. गळा एवढा उघडा की ठुशी आणि मंगळसूत्र दोन्ही आपापल्या जागी दिसतील.

पुढे दुसऱ्या एका बाई पैठणी घेऊन आल्या. पदरावरचे मोर झाकायला त्या तयार नव्हत्या, आणि त्यांचं बरोबरच होतं. त्यांच्यासाठी पदर ब्लेझरच्या वरून घ्यायचा ठरला. मग दोन्ही पॅडं सारखी, आणि डाव्या खांद्याला आतून एक छोटा पट्टा, ज्यात पदराची पिन अडकते आणि कापडाला भोक पडत नाही. तेव्हापासून माप घ्यायच्या आधी आमच्याकडे पहिला प्रश्न हाच असतो, "पदर आत का बाहेर?" आतला आणि बाहेरचा असे फर्म्याचे, म्हणजे ज्यावरून कापड आखून कापतात त्या साच्याचे, दोन जोड मामंजींनी जाड खाकी पुठ्ठ्यावर कापले, भोक पाडून सुतळीत ओवले आणि टेबलामागच्या खिळ्याला टांगले. ज्या दुकानात हा प्रश्न विचारत नाहीत, तिथं साडीवरचा ब्लेझर शिवत नाहीत. साध्या ब्लेझरखाली साडी नेसवतात.

हत्यारांबद्दल लिहायलाच हवं. मामंजींची मेरठची बारा इंची कैची आजही रोज चालते. लोकरीला वेगळी, रेशमाला वेगळी, आणि कागदाला यातली एकही लावायची नाही. कागद कापलेली कैची रेशमाचे धागे ओढते. लॅपल, म्हणजे छातीवर उलटणारी कॉलरची पट्टी, वळवायला लाकडी भुसा ठासून भरलेली मामंजींच्या हातची उशी आहे. सपाट टेबलावर इस्त्री केलेली छाती सपाटच राहते, उशीवर केलेली अंगाच्या आकाराची होते. आत कॅनव्हास घालतो आणि हातानं टाके मारून बसवतो. चिकटवायचं फ्युजिंग स्वस्त आणि झटपट, पण धुण्यानं लॅपलवर फुगे येऊ शकतात. आणि पायाची दोन काळी मशीनं. नवी मोटारीची घेतली तेव्हा सगळे म्हणाले, ही भंगारात द्या. मामंजींनी दिली नाहीत.

मधली वर्षं चांगली गेली.

काजं करणारा मुलगा अठराव्या वर्षी आमच्याकडे आला होता. हात हलका, नजर तयार. मामंजींनी त्याला कटिंगला घेतलं. घरचं कुणी पुढं येईना, मग आपली विद्या त्याच्या हाती ठेवावी, असा त्यांचा विचार. तो मला वहिनी म्हणायचा. दिवाळीला माझ्या हातचं उटणं लावून गेलेला मुलगा आहे तो. 2019 च्या पुराच्या आधीच्या अक्षय्य तृतीयेला त्यानं सांगितलं, वेगळं दुकान काढतोय. मामंजींनी त्याला कैची आणि नारळ देऊन पाठवलं. फर्मे त्यानं आधीच उतरवून घेतले होते, हे आम्हाला पुढं कळलं. आमच्या मापवहीतले फोन नंबरही. नवं दुकान काढायला माझी कधीच हरकत नव्हती. विचारून घेतले असते, तर मामंजींनी स्वतः कापून दिले असते.

2005 च्या पुरात दुकानात गुडघाभर पाणी आलं होतं. तेव्हा भिंतीवर रंगानं खूण केली आणि छातीच्या उंचीला पक्की फळी ठोकली. कापड, फर्मे, मापवह्या सगळं त्या फळीच्या वर. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी वाढायला लागलं तेव्हा गाठोडी फळीवर चढवली, शटर ओढलं आणि निघालो. 2005 एवढं तर येणार नाही, असं आख्खी पेठ म्हणत होती. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची धोक्याची पातळी 45 फूट. पाणी 57 फुटांच्या वर गेलं. ज्या बोळात सायकल वळवताना पाय टेकावा लागतो, त्याच्या तोंडापाशी बोट फिरत होती. ते कोयनेतून सोडलेलं का अलमट्टी धरणाच्या फुगवट्याचं, यावर लोक अजून भांडतात. आमच्या फळीच्या वर ते दीड फूट होतं, एवढं मला पक्कं ठाऊक आहे.

आठवड्यानं शटर उघडलं ते चौघांनी मिळून. आत गाळ, आणि त्या गाळाला ओल्या लोकरीचा वास. गौरी-गणपतीसाठी आलेली 39 गिऱ्हाइकांची कापडं होती. नुसती कापडं नव्हेत. एकीनं आईची इरकल दिली होती ब्लेझरसाठी, एकीनं आजीचा शालू. खणाचे तागे एकमेकांत रंग सोडून काळेनिळे झालेले. पंचनाम्याला आलेल्यांनी मशीनं मोजली, फर्निचर मोजलं. गिऱ्हाइकाच्या कापडाची पावती आमच्या नावावर नाही म्हणून ते मोजलं नाही. त्या 39 घरांत मी स्वतः गेले. नव्या कापडाचे पैसे देते म्हटलं. बहुतेकींनी घेतले नाहीत. इरकलवाल्या ताई काही बोलल्या नाहीत, आत जाऊन चहा घेऊन आल्या. तो चहा माझ्या घशाखाली उतरत नव्हता.

मोटारीची मशीनं जळाली. दोन काळी मशीनं आम्ही सुटी केली, रॉकेलमध्ये बुडवली, गाळ काढला, तेल दिलं. चौथ्या दिवशी पहिलं चालू झालं. मामंजींनी पट्टा चढवून चाक फिरवलं आणि तो आवाज ऐकून ते खुर्चीतच मागे टेकले.

फर्मे मात्र गेले. खिळ्याला सुतळी होती आणि सुतळीला पुठ्ठ्याचा लगदा. मामंजींना मोतीबिंदू, नव्यानं ड्राफ्ट काढायला नजर चालेना, आणि मी त्यांच्याएवढी कटर नव्हते. म्हणून मी विश्रामबागेत गेले. त्याच्या दुकानात पाणी आलंच नव्हतं. मी म्हटलं, "बाळा, आतला आणि बाहेरचा, दोन्ही फर्मे एक दिवस दे. कागदावर उतरवून परत करते." तो म्हणाला, "कुठले फर्मे, वहिनी? माझे मी काढलेत." त्याच्या मागे, खिळ्याला, सुतळीत ओवलेले ते टांगलेले होते. ती ओवण्याची पद्धत मामंजींची. त्याच आठवड्यात आमच्या गिऱ्हाइकांना त्याचे मेसेज गेले, आता दिवाळीचे ब्लेझर आमच्याकडे. कितीतरी गेल्या. त्यांना मी दोष देत नाही, सण कुणासाठी थांबत नाही.

दुकान बंद करायचं, असं घरात जवळजवळ ठरलं होतं. ब्लाऊज घरी बसून शिवता येतात, भाडं वाचेल. त्या वेळी मॅडम आल्या. पिशवीतून तो पहिला मरून ब्लेझर काढला, टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "उसवा हा. यात तुमचा फर्मा आहे की."

मला हात लावायचा धीर होईना. हातशिलाईचा कॅनव्हास, एकदा उसवला की पहिल्यासारखा बसेल याची खात्री नसते. मामंजी म्हणाले, "उसव. मी टाके सांगतो." दोन रात्री आम्ही एकेक टाका काढला. प्रत्येक भाग इस्त्री करून कागदावर ठेवला, कडेनं खडूनं आखला, शिलाईसाठी जास्तीची सोडलेली माया वजा केली. डावं पॅड हातात आलं तेव्हा मी पट्टीनं मोजलं. तीन सूत कमी, बरोबर.

त्या फर्म्यावर दिवाळीचे पहिले पाच ब्लेझर कापले आणि पाचही ट्रायलला बिघडले. उजव्या खांद्याच्या टोकाला ताण, कॉलरखाली आडवी घडी. मी रडकुंडीला आले. मामंजींनी एक ब्लेझर अंगावर असतानाच हात फिरवून बघितला, डोळे मिटून, मानेपासून टोकापर्यंत. मग म्हणाले, "सूनबाई, हा त्या मॅडमचा खांदा आहे. वह्यांची पिशवी उजव्या खांद्यावर घेऊन घेऊन तो उतरलाय. मी त्यांच्यासाठी दोन सूत खाली घेतला होता." म्हणजे आम्ही फर्मा उतरवताना मॅडमची इतक्या वर्षांची नोकरीही उतरवून घेतली होती. उजवा खांदा दोन सूत वर घेतला. पाचही ब्लेझर वसुबारसेच्या आत गेले. त्यानंतर मॅडमचा परत शिवला. लक्ष्मीपूजनाला त्यांनी तो घातला, खांद्यावर जुन्या टाक्यांची भोकं दिसत होती तरी.

पुढच्या वर्षी लॉकडाऊन लागला, मास्क शिवले. 2021 ला पुन्हा पाणी आलं, पण तोवर सगळं वरच्या मजल्यावर होतं. आता दुकान नीट चाललं आहे.

कुणी विचारलं नसलं तरी सणासाठी ब्लेझर शिवणाऱ्यांना चार गोष्टी सांगते, कारण चुकलेले ब्लेझर दुरुस्तीला शेवटी आमच्याकडेच येतात. पैठणीवर जरीचा ब्लेझर घालू नका. साधा घ्या आणि रंग साडीच्या अंगाचा नको, काठातला घ्या. खणाचा करायचा असेल तर साडी साधी हवी. खणाचा पन्हा अरुंद असतो. मोठ्या पन्ह्याच्या कापडात सव्वादोन मीटरमध्ये होणाऱ्या ब्लेझरला खण दुपटीच्या आसपास लागतो, आणि दोन्ही लॅपलवरची बुटी समोरासमोर जुळवायची तर आणखी थोडा. दुकानदाराचं ऐकून कमी आणू नका. जुन्या इरकलीचा करणार असाल तर टोपे-तेणी, म्हणजे अंगाचं सुती ताणं आणि पदराचं रेशमी ताणं जिथं अडकवलेलं असतं तो जोड, कोपरावर किंवा पाठीवर येऊ देऊ नका, पहिला तिथंच फाटतो. नऊवारीवर ब्लेझर कमरेपाशी संपला पाहिजे, नाहीतर ओचा दबतो आणि काष्टा फुगतो. सलवार-कुर्त्यावर तो कुर्त्याचे चाक, म्हणजे बाजूचे कट, सुरू होतात तिथवरच ठेवा. संक्रांतीला लोकरी चालतं, पण गुढीपाडव्याला सांगलीच्या उन्हात अस्तराचा ब्लेझर घालून कुणी दाखवावा. तेव्हा लिनन, आणि अस्तर फक्त बाह्यांना, बांगड्या अडकू नयेत म्हणून. जरीवर थेट इस्त्री फिरवू नका, मध्ये मलमल ठेवा. आणि दुकान चालवणाऱ्यांना एकच सांगते. हाताखालच्या पोराला विद्या जरूर द्या, पण फर्म्याची एक प्रत घरी, वरच्या मजल्यावर ठेवा.

मॅडम रिटायर झाल्या. या संक्रांतीला तोच मरून ब्लेझर घेऊन आल्या, बाही थोडी सैल करायला. पिशवी सुटल्यापासून उजवा खांदा जरा वर आलाय, असं त्यांचं म्हणणं. मी हात फिरवून बघितला. एक सूत आलाय. पॅडमधून तेवढा कापूस काढला आणि मापवहीत त्यांच्या नावापुढं नवा आकडा लिहिला.