लेण्यातला अंधार जातो कुठे?

दुपारी दोनच्या उन्हातून लेण्यात पाऊल टाकलं की आधी काहीच दिसत नाही. वास तेवढा येतो, ओल्या दगडाचा आणि वटवाघळांचा. मग खांब उगवायला लागतात, पुढचे आधी, मागचे बऱ्याच वेळानं. डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशींना अंधाराशी जुळवून घ्यायला दहाएक मिनिटं लागतात, अंधुक उजेडावर काम करणाऱ्या पेशींना वीस ते तीस. एवढं थांबतंय कोण? दुसऱ्या मिनिटाला फोन बाहेर येतो, नाइट मोड चालू होतो आणि पडद्यावर जे उमटतं ते मंगल कार्यालय असतं. छत लख्ख, स्तूपामागची प्रदक्षिणेची वाट लख्ख, खांबाच्या बुडाशी कुणी टाकलेलं वेफर्सचं पाकीटही लख्ख.

फोनचा दोष नाही. एका दाबात तो कमी वेळाच्या बऱ्याच फ्रेम घेतो, हाताची थरथर जुळवून त्या एकावर एक रचतो आणि सावल्या वर उचलतो. काळं दिसलं की उजळायचं, एवढंच त्याला शिकवलंय. चैत्यगृहात, म्हणजे स्तूप कोरलेल्या लेण्यात, मात्र निम्मं काम काळ्याचंच असतं. लोणावळ्याजवळच्या कार्ल्याचं घ्या. ३७ खांब, आत जवळजवळ ३८ मीटर लांबी, समोर दगडाचा पडदा आणि त्यात वर पिंपळपानी कमान. उजेडाची मुख्य वाट तीच. तो मधल्या दालनावरून सरकत जाऊन स्तूपावर टेकतो आणि खांबांमागच्या अरुंद वाटा अंधारात राहतात. कोरणाऱ्यानं हे ठरवून केलंय. त्या वाटा उजळल्या की स्तूपाकडे नजर जायचं कारणच उरत नाही.

शाळेच्या सहलीत हे कुणाला सांगितलेलं नसतं. सहलीत लेण्यात दोनच गोष्टी करायच्या असतात. टाळी वाजवून आवाज घुमतो का बघायचा आणि ‘ओळीत चला’ ऐकू आलं नाही असं दाखवायचं. सरांकडे एक बॅटरी असायची, पिवळट उजेडाची, सेल संपत आलेली. सर ती मूर्तीच्या बाजूला उभं राहून मारायचे, कारण समोर चाळीस मुलं दाटीवाटीनं उभी असायची. त्यामुळे मूर्तीच्या नाकाची सावली गालावर पडायची आणि दगडाला चेहरा यायचा. सरांना फोटोग्राफीतलं काही कळत नसणार, पण बाजूनं पडणारा उजेड शिकवायला याहून चांगली रीत नाही.

फ्लॅश नेमकं उलटं करतो. तो भिंगाला खेटून असतो, त्यामुळे जी सावली पडते ती वस्तूच्या पाठीमागे लपते आणि उठाव सपाट होतो. शिलालेखाची गंमत तर विचारू नका. नाणेघाटातला किंवा कार्ल्याच्या खांबांवरचा लेख समोरून फ्लॅश मारून टिपला तर फोटोत अक्षरं जवळजवळ पुसली जातात. तीच बॅटरी भिंतीला जवळजवळ चिकटवून, दहा-पंधरा अंशांचा कोन ठेवून धरली की ब्राह्मीची प्रत्येक रेघ सावलीनं भरते. कॅमेरा जागेवरच ठेवायचा आणि बॅटरी वरून, खालून, दोन्ही बाजूंनी फिरवत एकेक फोटो घ्यायचा. झिजलेलं अक्षर चारांतल्या एकात तरी सापडतं. अक्षरांत खडू भरायचा नाही, पाणी मारायचं नाही, पीठ तर मुळीच चोळायचं नाही. फ्लॅशचा आणखी एक प्रताप म्हणजे हवेतली धूळ. भिंगाजवळचा प्रत्येक कण पांढरा गोल होऊन उमटतो आणि मग त्यात भुतं शोधणारे निघतात. पावसाळ्यात हेच काम आपल्या श्वासाची वाफ करते.

दिशा आधी बघून घ्यावी. त्याच भागातलं बेडशाचं लेणं पूर्वेला तोंड करून आहे, कार्ले आणि भाजे पश्चिमेला. म्हणजे सकाळी बेडसे आणि दुपारी तीननंतर बाकीची दोन. पण कार्ल्याच्या दारातच एकवीरा आई, आणि दर्शन सकाळी लवकर उरकायचं ही आपली रीत, त्यामुळे बहुतेकांचा दिवस नेमका उलटा लागतो. बेडशात दर्शनी भागापुढे मूळ कातळ तसाच ठेवलाय, मधे चिंचोळी वाट. ते उंच खांब आणि त्यांच्या माथ्यावरचे स्वार एका चौकटीत घ्यायला मागे सरकायला जागाच नाही. तिथे रुंद भिंगाला पर्याय नाही.

रुंद भिंग आलं की कलणारे खांब आले आणि कलणारे खांब आले की ते सरळ करणारं सॉफ्टवेअरचं बटण आलं. भाज्यात हे बटण दाबू नये. भाज्याचे खांब खरोखरच आत कललेले आहेत. लाकडी इमारतीत छताचा भार पेलायला खांब तिरपे रोवत, तेच दगडात उतरवलंय. दोन हजार वर्षांहून जुना तो कल एका बटणानं ‘दुरुस्त’ झालेले फोटो नेटवर भरपूर आहेत, आणि त्यांना लाइक्सही भरपूर आहेत. असो.

आता कॅमेऱ्याचं. संरक्षित लेण्यांत ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची आधी परवानगी काढावी लागते आणि ती तिकीट खिडकीवर मिळत नाही. ट्रायपॉड नसेल तर जमिनीवर घडी घातलेला टॉवेल, त्यावर कॅमेरा, दोन सेकंदांचा टायमर. बटण दाबताना कॅमेरा हलतो आणि फोटो बिघडतो, टायमरनं तेवढं टळतं. कोरलेल्या भिंतीला किंवा रंग असलेल्या खांबाला टेकायचं नाही. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १०० ते ४००, भिंगाचं छिद्र एफ/८, आणि शटर काही सेकंद, उजेड असेल तसं. कॅमेरा पक्का बसलेला असेल तर भिंगातलं स्टॅबिलायझेशन बंद करा, नाहीतर काहीच हलत नसताना ते उगाच हलतं. ऑटोफोकस अंधारात पुढे-मागे शोधत बसतो, म्हणून बॅटरी एखाद्या खांबाच्या कडेवर मारून फोकस घ्यायचा, मग तो मॅन्युअलवर टाकून बॅटरी बंद. फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्यानं स्वतःहून न सजवलेली.

कमानीतला उजेड आणि खांबांमागचा अंधार यांत दहा-बारा स्टॉपचा फरक सहज असतो. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट, त्यामुळे हा फरक हजार ते चार हजार पट. दोन-दोन स्टॉपच्या अंतरानं तीन फ्रेम घेऊन त्या जोडता येतात. मात्र जोडताना हात आवरायचा, खांबांमागे काळं राहू द्यायचं. नाहीतर पुन्हा मंगल कार्यालय. रंगाचा घोळ वेगळाच. पावसाळ्यात बाहेरच्या हिरवळीवरून परतलेला उजेड आत येतो आणि पुढचे खांब हिरवट होतात, खोलात गेलं की दगड निळसर. ऑटो व्हाइट बॅलन्स दोन्हींची सरासरी काढतो आणि काळा कातळ जांभळा करतो. पांढरा कागद धरून हातानं ठरवलेलं बरं. आणि एसी गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा बाहेर काढला तर दमट हवेत भिंगावर दव धरतं, ते पुसलं तरी परत धरतं. बॅग बंद ठेवून अर्धा तास जाऊ द्यावा.

छतावर वटवाघळं असतील तर तिकडे बॅटरी रोखू नये, विशेषतः पिल्लांच्या दिवसांत. खाली साचलेली त्यांची कोरडी विष्ठा तुडवत धूळ उडवू नये, ती फुप्फुसांना वाईट, मास्क लावावा. कमानीला आग्या मोहोळ लटकत असेल तर अत्तर, धूर, फ्लॅश यातलं काहीच नको आणि खरं तर त्या दिवशी फोटोही नको.

अजिंठ्यात फ्लॅशला बंदी आहे, तरी कुणीतरी मारतोच. तिथे ‘जरा स्पष्ट दिसू दे’ या इच्छेचा इतिहास मोठा आहे. रॉबर्ट गिल हा ब्रिटिश लष्करी अधिकारी १८४४ पासून तिथल्या चित्रांच्या नकला करत होता. त्यातल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये आगीत गेल्या. मग १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूलचे शिक्षक जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी नकला करायला बसले. त्यांच्याही बऱ्याच नकला १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाल्या. रंग उठून दिसावेत म्हणून त्या काळात मूळ भिंतींवर व्हार्निश फासलं गेलं. पुढे निजामाच्या काळात, १९२० च्या सुमारास, इटालियन तज्ज्ञांनी सुटलेला रंग धरून ठेवला, पण लाखेचं रोगणही चढवलं. ते सगळं पिवळं पडलं आणि ते उतरवायला नंतर रसायनतज्ज्ञांची वर्षं गेली. नकला जळाल्या, व्हार्निश राहिलं.

एवढे फोटो निघतात, पण लेण्याशेजारच्या टाक्याचा फोटो क्वचितच दिसतो. कान्हेरीला पावलोपावली टाकी, शिवनेरीला गंगा-जमुना, हरिश्चंद्रगडावर खांबटाकी. भिक्खू आणि शिबंदी जगली ती या पाण्यावर. फोटो नसण्याचं कारण सोपं आहे. वरून टिपलं की काळं पाणी नाहीतर आभाळाचा तुकडा, एवढंच येतं. इथे पोलरायझर फिल्टर लागतो. पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांत बघून तो फिरवला की परावर्तन जातं आणि तळ दिसतो, म्हणजे छिन्नीचे घाव, नाणी आणि हल्ली पाण्याच्या बाटल्या. फिरवला नाही तर खांब पाण्यात दुप्पट होतात. खांबटाक्यात दुसराच फोटो चांगला. हरिश्चंद्रगडाच्या केदारेश्वराच्या लेण्यात चार खांबांतला एकच उभा राहिलाय आणि लिंगाभोवती कमरेएवढं गार पाणी. तिथे पाण्यात उतरलेला पहिला माणूस गाळ ढवळतो आणि मग मागच्या सगळ्यांना गढूळ पाणीच मिळतं.

केदारेश्वराच्या पाण्यात लोक उतरतात म्हणून कुठल्याही टाक्यात उतरू नये. पाणी वरून असतं त्याच्या पाऊण खोल दिसतं, बारा फुटांचं टाकं नऊचं वाटतं. तोंड लहान, भिंती तासून उभ्या, पाण्याच्या रेषेवर शेवाळ, आणि आतला भाग छताखाली कुठवर गेलाय ते काठावरून कळत नाही. पोहता येणाऱ्यालाही बाहेर यायला धरायला काही सापडत नाही. वाकून फोटो घ्यायचा असेल तर कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात नको, मनगटाला. मागे बॅग धरणारा एक माणूस हवा, आणि जवळ दोर.